तुरा बघून विकू नका, पाठीचं पीस बघा

(महासंघाच्या मासिक बैठकीत आमच्या क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं हे मार्गदर्शन. ज्या गटांच्या प्रतिनिधी त्या दिवशी येऊ शकल्या नाहीत, त्यांच्यासाठी इथे देत आहोत. गटाच्या बैठकीत एकीनं मोठ्यानं वाचावं, बाकीच्यांनी ऐकावं.)



बचतीचा आढावा झाला, कर्जफेडीचा झाला. आता पुढची वीस-पंचवीस मिनिटं आपण कोंबड्यांवर बोलणार आहोत. मागे कोणीतरी हसलं, मी ऐकलं. "कोंबडा कुठला नि कोंबडी कुठली, हे आम्हाला ही कालची पोरगी शिकवणार?" असं मनात आलं असेल, तर ते बरोबरच आहे. मोठा झालेला कोंबडा आंधळासुद्धा ओळखेल, तो आरवतो. माझा विषय त्याच्या आधीचा आहे. पिल्लू दीड महिन्याचं, तीन महिन्यांचं, पाच महिन्यांचं असतं, तेव्हा त्यातला नर कोणता आणि तलंग कोणती, हे नक्की कसं सांगायचं? मी समाजकार्य शिकले आहे, पशुवैद्य नाही. आज जे सांगणार आहे त्यातलं निम्मं पाड्यांतल्या मावशींनीच मला पिल्लू हातात देऊन दाखवलं आहे. उरलेलं निम्मं वाचून आणि डॉक्टरांना विचारून गोळा केलं आहे.

हा विषय का घेतला ते सांगते. मुंबई म्हटलं की लोकांना इमारती दिसतात. पण आरेच्या पाड्यांत, बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाकडच्या पाड्यांत, गोराई-मनोरीला, मुलुंडच्या डोंगराकडच्या वस्त्यांत आजही दाराशी खुराडं आहे. आपल्या कितीतरी जणींनी गटातून अंतर्गत कर्ज घेतलं, ते पिल्लांसाठी. ते कर्ज फेडायचं कशातून? अंड्यांतून आणि कोंबडे विकून. म्हणजे कोणतं पाखरू ठेवायचं आणि कोणतं विकायचं, या एका निर्णयावर हप्ता अवलंबून आहे. आणि घाईघाईत अंडी देणारीच विकली, असं ऐन गटारीच्या आधी होतं.

गटारीलाच का होतं?

नीट ऐका, आजच्या बोलण्यातली मुख्य गोष्ट ही आहे.

आपल्याकडे बरीच पिल्लं माघ-फाल्गुनात निघतात. कोंबडी खुडूक बसते, एकवीस दिवसांनी पिल्लं बाहेर येतात. फेब्रुवारी-मार्चमधलं पिल्लू जुलैअखेर किती महिन्यांचं होतं? पाच महिन्यांचं. आषाढी अमावस्या, म्हणजे आपली गटारी, याच सुमाराला येते. श्रावण लागायच्या आधी सगळ्यांना गावठी कोंबडा हवा असतो. व्यापारी पाड्यात येतो, टोपल्यात हात घालतो आणि म्हणतो, "हा लाल तुऱ्याचा दे, हा पण दे."

आता बघा. नराचा तुरा दीड-दोन महिन्यांतच लाल व्हायला लागतो. तलंगेचा तुरा मात्र बरेच महिने फिकट, पिवळसर राहतो आणि ती अंड्यावर यायची झाली की लाल होतो. आपल्या गावठी-मिश्र तलंगा साधारण पाच ते सात महिन्यांच्या झाल्या की अंड्यावर येतात. म्हणजे ऐन गटारीच्या तोंडावर, व्यापारी दारात उभा असतो तेव्हाच, तुमच्या तलंगेचा तुरा लाल झालेला असतो. पंधरा दिवसांत पहिलं अंडं देणार असलेलं पाखरू "कोंबडा" म्हणून पिशवीत जातं. व्यापाऱ्याला काय, त्याला वजनाशी मतलब. नुकसान तुमचं.

किती नुकसान? हिशोब मांडू. भाव वस्तीवस्तीत वेगळे आहेत, म्हणून हे आकडे फक्त समजण्यापुरते धरा. गावठी कोंबडी वर्षाला साधारण ६० ते ८० अंडी देते. आपण ७० धरू. अंडं १२ रुपयांना धरू. एका कोंबडीची वर्षाची अंडी झाली ८४० रुपयांची. दोन तलंगा नर समजून प्रत्येकी ३५० ला विकल्या, हातात ७०० आले. ठेवल्या असत्या तर १४० अंडी, म्हणजे १,६८० रुपये. दाण्याचा खर्च वजा करा, तरी वर्ष संपल्यावर त्या दोघी खुराड्यात आहेतच. खुडूक बसल्या तर नवी पिल्लंही देतील. आणि दुसऱ्या बाजूनं, त्यांच्या जागी जे दोन नर "कोंबड्या" म्हणून मागे राहिले, ते दाणे खातात, एकमेकांशी झुंजतात आणि अंडं काही देत नाहीत. म्हणजे तोटा दोन्हीकडून.

अजून एक गोष्ट. कोंबडा विकला की पाचशेची नोट येते आणि ती घरात कुठे जाते ते तुम्हाला माहीत आहे. अंड्याचे पैसे दहा-वीस करून येतात आणि ते बाईच्या हातात राहतात. पोराच्या वहीला, बसच्या तिकिटाला, गटाच्या बचतीला तेच उपयोगी पडतात. अंडं विकलं नाही तर पोराच्या ताटात जातं. म्हणून तलंग वाचवणं म्हणजे आपल्या हातातला पैसा वाचवणं आहे.

आपल्या कोंबड्या सरळ एका जातीच्या नाहीत

आपल्या दाराशी आज शुद्ध गावठी फारशी उरलेली नाही. कोणी गिरीराज आणली, ती मूळ बेंगळुरूच्या कृषी विद्यापीठातली. कोणी वनराजा किंवा ग्रामप्रिया आणली, त्या हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयानं तयार केल्या. कोणी कडकनाथ आणला, तो मूळ मध्य प्रदेशातल्या झाबुआचा, त्याला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. कोणाकडे असीलचं रक्त आहे. ही सगळी पाखरं अंगणात मोकळी फिरतात आणि पुढची पिल्लं मिश्र निघतात. एकाच कोंबडीखाली एक लाल, एक काळं, एक पट्ट्यापट्ट्यांचं, एक मानेवर पिसं नसलेलं.

शुद्ध जातीत काही ठरलेल्या खुणा असतात. मोठ्या हॅचऱ्यांत तर मुद्दाम असे आईबाप जुळवतात, की एक दिवसाच्या पिल्लाच्या पंखाच्या पिसावरून किंवा रंगावरून नर-मादी कळावी. आपल्या मिश्र पिल्लांना ते नियम लागत नाहीत. म्हणून कोणी म्हणालं, "पंख लवकर फुटले म्हणजे मादीच," तर मान हलवा, पण त्यावर विकू नका.

जे चालत नाही, ते आधी बाजूला ठेवू

अंड्याचा आकार. टोकदार अंडं म्हणजे नर, गोल अंडं म्हणजे मादी, असं आपल्यातल्या किती जणी मानतात? हात वर करा. बऱ्याच आहेत. ही समजूत फार जुनी आहे. ग्रीक आणि रोमन काळातल्या पुस्तकांतही अंड्याच्या आकारावरून नर-मादी सांगितलेली आहे, आणि गंमत म्हणजे त्यांचंही आपसांत जमत नाही, एक जण म्हणतो लांबट अंड्यातून मादी, दुसरा म्हणतो नर. खरं असं आहे की अंड्याचा आकार ते अंडं घालणाऱ्या कोंबडीच्या अंगावर अवलंबून असतो. एखादी कोंबडी कायम लांबट घालते, एखादी कायम गोल. तिच्या पिल्लांत नर-मादी दोन्ही निघतात.

दोऱ्याला अंगठी किंवा सुई बांधून पिल्लावर फिरवणं. आपला हात जसा हलतो तशी अंगठी हलते. पुढे चला.

पाय धरून उलटं लटकवणं, मान वर काढली तर नर. पिल्लू घाबरतं, एवढंच त्यातून कळतं.

एक पद्धत मात्र खरी आहे. १९२० च्या दशकात जपानमध्ये कियोशी मासुई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती शोधून काढली. एक दिवसाच्या पिल्लाची मागची जागा हलकेच उघडून आतली बारीकशी गाठ बघायची. जगभरच्या हॅचऱ्यांत शिकलेली माणसं हेच काम करतात आणि काही सेकंदांत एक पिल्लू बाजूला टाकतात. पण त्याला मोठं शिक्षण आणि रोजचा सराव लागतो. आपण घरी करायला गेलो तर पिल्लाच्या पोटाला इजा होते. तेव्हा ते नको.

मग आपल्याकडे काय उरतं? वेळ आणि डोळे. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, तसंच नराचं नरपण फार दिवस लपत नाही. फक्त कोणत्या आठवड्यात काय बघायचं हे ठाऊक हवं.

आठवड्यांप्रमाणे काय बघायचं

पहिले तीन आठवडे. काही ठरवू नका. पिल्लं ऊबेत ठेवा, कणी-पाणी द्या, लसीची तारीख चुकवू नका. मांजर, मुंगूस, कावळा, घार यांच्यापासून वाचवा. आपल्या बाजूला बिबट्याही आहे, म्हणून अंधार पडायच्या आत खुराड्याचं दार नीट लावा. जगलं तर पुढे नर-मादी.

चार ते सहा आठवडे. आता संशय घ्यायला सुरुवात करा. एकाच दिवशी निघालेली, एकाच आईची पिल्लं शेजारी शेजारी धरून बघा. हे फार महत्त्वाचं. शेजारणीच्या गिरीराजशी आपलं गावठी ताडून काही कळत नाही. भावंडांत ज्यांचा तुरा जाड आणि गुलाबी दिसायला लागला, ते बहुतेक नर. ज्यांचा तुरा बारीक, पिवळट आणि डोक्याला चिकटलेला, त्या बहुतेक माद्या. पिसांकडेही बघा. पुष्कळ वेळा नराची पाठ आणि खांदे उघडे-बोडके दिसतात, शेपूट खुंटासारखी राहते. तलंगेचं अंग लवकर भरून येतं, शेपूटही नीट दिसते. पण मी "बहुतेक" म्हणते आहे, "नक्की" नाही.

सहा ते आठ आठवडे. चोचीखालच्या लाल पाळ्या बघा. नराच्या आता दिसायला लागतात, तलंगेच्या नुसती रेघ असते. पाय बघा. नराची नळी जाड, पंजा मोठा, उभं राहणं ताठ. एखादं पाखरू दोन महिन्यांचं व्हायच्या आत लालभडक तुरा घेऊन फिरत असेल, तर तो नर धरायला हरकत नाही. झुंजण्यावर जाऊ नका. या वयात तलंगाही छाती काढून एकमेकींवर धावतात.

आठ ते दहा आठवडे. आता रंग बोलतो. आपल्याकडची तांबडी-तपकिरी, रानकोंबडीच्या रंगाची पिल्लं असतात ना, त्यांत नराच्या छातीवर काळी पिसं यायला लागतात आणि पंखाच्या खांद्यावर गडद लाल डाग पडतात, कोणी शेंदूर सांडल्यासारखे. तलंगेची छाती तपकिरी, विटकरी राहते आणि अंगावर सगळीकडे सारखी बारीक नक्षी असते. पूर्ण काळ्या किंवा पूर्ण पांढऱ्या पिल्लांत ही खूण चालत नाही. त्यांच्यासाठी थांबा.

दहा ते चौदा आठवडे. आता नक्की. पाखरू हातात घ्या आणि पाठीचा शेवटचा भाग बघा, शेपटी सुरू होते त्याच्या जरा आधी. नराला तिथे लांब, अरुंद, टोकदार, चकचकीत पिसं येतात, पाठीच्या दोन्ही बाजूंनी खाली ओघळणारी. तलंगेला तिथे रुंद, गोल टोकाची पिसं असतात. लक्षात ठेवायला सोपं करून सांगते. कण्हेरीच्या पानासारखं लांब-टोकदार असलं तर नर. फणसाच्या पानासारखं रुंद-गोल असलं तर तलंग.

मानेच्या पिसांवर एकट्यावर विसंबू नका, कारण माद्यांचीही मानेची पिसं थोडी निमुळती असतात. पाठीचं पीस बघा. पाठ खोटं बोलत नाही. रंग कुठलाही असो, तुरा कसाही असो, रक्त गिरीराजचं असो की कडकनाथचं, ही खूण मिश्र पिल्लांत सगळ्यांत भरवशाची. फक्त नवी पिसं पूर्ण फुटलेली हवीत. अर्धवट कोंब दिसत असतील तर आणखी दोन आठवडे द्या.

त्यानंतर शेपटीत विळ्यासारखी वाकलेली पिसं येतात, ती नराचीच. आणि आरवणं. कोणी अडीच महिन्यांत आरवतो, कोणी चार महिन्यांतही नाही. खुराड्यात मोठा दांडगा कोंबडा असेल तर लहान नर दबून राहतात, तोंड उघडत नाहीत. म्हणून "आरवत नाही म्हणजे तलंग" हा हिशोब चुकतो. पायामागच्या काट्याचंही तसंच. बारीक गाठ दोघांनाही असू शकते, नराचा काटा वाढायला पुष्कळ महिने जातात.

तीन फसव्या गोष्टी

पहिली, कडकनाथचं रक्त. त्याचा तुराच काळा-जांभळा असतो. मग "लाल झाला का" हे बघून उपयोग नाही. तुऱ्याचा आकार आणि जाडी भावंडांशी ताडून बघा, आणि शेवटी पाठीचं पीस.

दुसरी, असीलचं रक्त. त्यांचा तुरा उभ्या पात्यासारखा नसतो, मटाराच्या दाण्यांसारखा बसका असतो. नराचाही लहान दिसतो, म्हणून नर माद्या म्हणून राहून जातात. इथेही पाठीचं पीस.

तिसरी, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची पिल्लं. भावंडांत दोघंही पट्ट्यांची असतील, तर बऱ्याचदा नर फिकट दिसतो आणि मादी गडद. पण कोंबडी पट्ट्यांची आणि कोंबडा बिनपट्ट्यांचा लाल किंवा काळा असेल, तर मजा होते. आईचे पट्टे फक्त मुलग्यांकडे जातात, मुलींकडे जात नाहीत. तिथे पट्ट्यांचं पिल्लू नर आणि बिनपट्ट्यांचं मादी. यासाठी अंडी कोणत्या कोंबडीची आणि कोंबडा कोणता हे खात्रीनं माहीत हवं. तीन घरचे कोंबडे अंगणात फिरत असतील तर हे सोडून द्या.

आणि पाच महिन्यांच्या पाखराचं काय? तुरा लाल आहे, व्यापारी दारात आहे. तेव्हा तीन गोष्टी करा. पाठीचं पीस बघा. पाठीवर हलका हात ठेवा, अंड्यावर आलेली तलंग बऱ्याचदा पंख थोडे पसरून खाली बसते. आणि शेपटीखाली दोन बाजूंना जी बारीक हाडं लागतात, त्यांत बोट घालून बघा. अंड्यावर येणारीची हाडं फाकलेली, मऊ लागतात, दोन बोटं मावतात. अशी असेल तर व्यापाऱ्याला सांगा, "भाऊ, ही विकायची नाही."

वहीत कसं लिहायचं

आपण गटाची वही ठेवतो, तशीच खुराड्याची ठेवायची. शाळेची जुनी वही चालेल. लिहिता येत नसेल तर मुलीकडून लिहून घ्या. पिल्लं निघाल्याची तारीख, किती निघाली, आई कोणती. मग सहाव्या, नवव्या आणि बाराव्या आठवड्यात एकेक पाखरू हातात घेऊन बघायचं. हे काम संध्याकाळी, पाखरं खुराड्यात बसली की करा, पळापळ होत नाही. मोबाइलची बॅटरी पुरते.

ज्याच्यावर नराचा संशय आहे त्याच्या पायात लाल सुती दोरा सैल बांधायचा, तलंग वाटते तिला हिरवा. दर पंधरा दिवसांनी दोरा बघा, पाय जाड होतो तसा तो रुतू नये. बाराव्या आठवड्यात पाठीचं पीस बघून पक्कं करायचं, दोरा बदलावा लागला तर बदलायचा. दोनदा असं केलंत की डोळा तयार होतो, तिसऱ्या वेळी दोरा लागणार नाही.

पक्कं झालं की ठरवा. तलंगा सगळ्या ठेवा. नरांमधला अंगानं चांगला, निरोगी असा एक ठेवा. आठ-दहा कोंबड्यांना एक कोंबडा पुरतो. बाकीचे वजन धरले की गटारीला, देवाच्या मानाला, नाहीतर घरच्या जेवणाला. ठेवलेला कोंबडा वर्षा-दीड वर्षानं दुसऱ्या वस्तीतल्या ताईशी बदलून घ्या. बापलेकीत, भावाबहिणीत पिल्लं निघत राहिली की पिल्लं दुबळी होतात, अंडी रिकामी जातात. आणि ज्यांच्या शेजारी इमारत आहे आणि पहाटेच्या आरवण्यावरून भांडणं होतात, त्यांनी कोंबडा नाही ठेवला तरी चालतं. कोंबडी कोंबड्याशिवायही अंडी देते. फक्त त्या अंड्यांतून पिल्लं निघत नाहीत.

पिल्लं विकत घेताना

स्टेशनाबाहेर, बाजारात गुलाबी-हिरव्या रंगात बुडवलेली पिल्लं मिळतात. पोरं हट्ट करतात. ती बहुतेक अंड्यांच्या हॅचऱ्यांनी बाजूला काढलेली नर पिल्लं असतात. त्यांच्याकडून अंड्यांची आशा करू नका आणि गटाचं कर्ज काढून तर मुळीच घेऊ नका.

सायकलवरून किंवा टेम्पोतून पिल्लं विकणारा म्हणाला, "सगळ्या माद्याच आहेत ताई," तर विचारा, कोणत्या हॅचरीची, किती दिवसांची, पावती देणार का. एक दिवसाच्या मिश्र पिल्लांबद्दल कोणीही छातीवर हात ठेवून असं सांगू शकत नाही. सरसकट पिल्लं असतील तर निम्मे नर धरूनच भाव ठरवा. दहातले सातसुद्धा नर निघू शकतात. एखाद्या वेळी ते नशीब असतं, दरवेळी तसंच व्हायला लागलं तर विकणारा बदला. शक्य असेल तर तीन महिन्यांच्या तलंगाच घ्या. महाग पडतात, पण आता पाठीचं पीस तुम्ही बघू शकता.

आणखी एक. केंद्र सरकारच्या केंद्रीय कुक्कुट विकास संघटनेचं पश्चिम विभागाचं केंद्र आपल्या आरे दूध वसाहतीतच आहे. देशात अशी चार केंद्रं आहेत, त्यांतलं एक आपल्या दाराशी. कोंबडीपालनाचं प्रशिक्षण हे त्यांचं कामच आहे. एकेकटीनं जाण्यापेक्षा महासंघाचं पत्र घेऊन पाच-सहा जणी मिळून जाऊ. पुढच्या बैठकीत नावं द्या.

जाता जाता, खुराड्यातून घरात

पिल्लू नर होणार की मादी, हे ठरवतं कोण? कोंबड्यांमध्ये ते आईच्या अंड्यातच ठरतं. कोंबडीकडे दोन प्रकारची बीजं असतात, कोंबड्याकडे एकाच प्रकारचं. माणसांत बरोबर उलटं आहे. बाईकडून एकाच प्रकारचं बीज येतं, पुरुषाकडून दोन प्रकारची. मुलगा होणार की मुलगी, हे बापाकडून येणाऱ्या बीजावर ठरतं. तरी मुलगी झाली की बोल कोणाला लागतो? सुनेला. या खोलीत ज्यांनी असे बोल ऐकलेत त्या आहेत, आणि काही सासूबाईही आहेत. खुराड्यात आपण तलंग निघाली की खूश होतो, दोरा बांधून जपतो. घरात मुलगी झाली की चेहरे का उतरतात, हे एकदा आपल्याशीच विचारून बघा.

आणि हेही लक्षात असू द्या. पिल्लाची नर-मादी ओळखणं हे आपलं काम आहे. पोटातल्या बाळाची ओळखणं गुन्हा आहे. महाराष्ट्रानं यावर १९८८ मध्ये कायदा केला, आणि १९९४ मध्ये देशभरासाठी कायदा झाला. कोणी "ओळखीचा डॉक्टर आहे" म्हणालं, तर गटात बोला.

कोंबडी आरवली की अपशकुन, असंही म्हणतात. म्हातारी कोंबडी कधी कधी खरंच आरवते. कोंबडीच्या अंगात अंडी तयार करणारी एकच बाजू चालू असते, डावी. ती आजारानं बिघडली की तिच्यात नराच्या खुणा यायला लागतात, कधी आरवतेही. तो आजार आहे, त्यात देवाचा कोप नाही. तिच्यामुळे घरावर संकट येत नाही, आणि घरात बोलणाऱ्या बाईमुळेही येत नाही.

आता घरचा अभ्यास. पुढच्या बैठकीपर्यंत प्रत्येकीनं आपल्या खुराड्यातली तीन पाखरं हातात घेऊन पाठीचं पीस बघायचं आणि वहीत लिहायचं. किती वयाची, कण्हेरीचं पान की फणसाचं, आणि मनात आधी काय वाटत होतं. ज्या गटात सगळ्यांत जास्त वह्या भरलेल्या असतील, त्या गटातल्या दोघी जणी पुढच्या वेळी इथे उभ्या राहून बोलतील, मी खाली बसून ऐकेन. आणि गटारीच्या आठवड्यात कोणाच्या दारात व्यापारी आला आणि मनात शंका आली, तर पाखरू पिशवीत जायच्या आधी शेजारच्या ताईला हाक मारा. दोघींनी मिळून पीस बघा, मग भाव बोला.

चहा झालाय, पण आधी हजेरीवर सह्या करा.